गावच्या खोलीतली खुंटी

१० जुलै, गुरु.
सुहास दुकानात आला. मी पंख्याच्या मोटारीत तार भरत होतो. मान वर केली नाही, म्हणजे तो लवकर मुद्द्यावर येतो. आमच्या ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. जन्म लालबागचा. गावाला जातो गणपतीचे पाच दिवस, अभिमान मात्र बारमाही.
प्रश्न गावच्या खोलीचा. माझ्या दुकानासमोरच्या चाळीत, गावाहून कामाला येणाऱ्या पुरुषांसाठी जुन्या लोकांनी घेतलेली. अकरा खुंट्या. खुंटी मिळाली म्हणजे खोलीत जागा मिळाली. आता गावची पोरं येत नाहीत. माझा एक सदरा तेवढा लटकतो, अध्यक्षाचा म्हणून.
चाळीच्या जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या रामाशीषने अर्ज केलाय. रे रोडचं त्याचं झोपडं तुटतंय. मुलगी दहावीला. मार्चपर्यंत खोली द्या, नाहीतर तिला बिहारात, दरभंग्याला धाडावं लागेल. म्हणजे शाळा संपली.
सुहास : "आबा, रविवारी मीटिंगला नकारावर सही करा. खुंटी फक्त गाववाल्याला, नियम आहे. तुमची पिढी आली ती मुंबईत विरघळली. ही माणसं मिसळत नाहीत."
विरघळली म्हणे. अकरा खुंट्यांना बावीस माणसं, दिवसपाळी उठली की रात्रपाळी त्याच चटईवर. एकच मसाला, एकच देव, त्याच शिव्या. शेजारच्या चाळीशी बोललो ते भांडायलाच.

११ जुलै, शुक्र.
कामात लक्ष नाही. एक पंखा उलटा फिरला.
इथे लिहायला हरकत नाही. मी त्या गावचा नाही. कोकणातलाच नाही. माणदेशातला. सोळाव्या वर्षी परळला एस.टी.तून उतरलो, तिसऱ्या दिवशी उपाशी. सुहासचे वडील, तातूमामा, चहाच्या टपरीवर भेटले. "आजपासून तू माझो भाचो. कोणी इचारल्यान तर मान हलय, तोंड उघडू नको." रजिस्टरातही तसंच लिहिलं.
पहिल्याच जेवणाला बांगडा. जन्मात मासा खाल्ला नव्हता. भाचा दिसायला हवं म्हणून काट्यासकट चावला. घशात अडकला. पंगत बघत राहिली. हसलं कोणी नाही. एकाने भाताचा गोळा पुढे केला.
पुढे सगळं जमलं. मालवणी, मासे, लग्नही त्याच गावच्या मुलीशी. फक्त ते एक सांगणं राहिलं…

१२ जुलै, शनि.
मीटिंगचा सदरा रामाशीषकडे टाकला. म्हणतो, "आबा, ये नवीन पोरं बघा. काल आली, आज बाइक. मराठीचा एक शब्द नाय. आम्ही आलो तेव्हा असं नव्हतं."
"तू कधी आलास रे?"
"झाली की बारा वर्षं."
चेहरा हुबेहूब सुहासचा.
घरी सौ.ला सांगून टाकलं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. "ठावक हा. काट्यासकट बांगडो खाणारो भाचो म्हणानच तुमका गावात वळखतत."

१३ जुलै, रवि.
मीटिंग. नऊ जण. उभा राहिलो आणि सांगितलं. तातूमामा काय म्हणाले तेही, शब्दाला शब्द. काटाही.
वरचा पंखा तेवढा बोलत होता. मीच भरलेला, बरा बोलतो.
सुहास लाल. "म्हणजे बाबांनी रजिस्टरात खोटं लिहिलं?"
"हो."
"मग तुमची खुंटी रद्द."
"बरोबर."
"अध्यक्षपद पण."
"ते ओघाने आलंच."
मागून कोणीतरी : "मगे नकारार सही कोण करतलो?"
मीटिंग तहकूब. खोलीत जाऊन खुंटीवरचा सदरा काढून आणला. खुंटीखाली भिंतीवर खांद्याएवढा डाग पडलाय. तो काही आणता आला नाही.

१४ जुलै, सोम.
सुहास सकाळीच. स्टुलावर बसला. मग, "म्हणजे मी तुमचा मामेभाऊ नाही."
"रजिस्टरात आहेस."
स्क्रू-ड्रायव्हर उचलला, ठेवला.
"हा रामाशीष मासे खातो का?"
"दरभंग्याचा आहे तो, मासे खाणारा मुलूख. काटे तुझ्यापेक्षा नीट काढेल. पण मला कशाला विचारतोस?"
उठला, रस्ता ओलांडून जिन्याखाली गेला. मी वाइंडिंग मशीन बंद केली, कान अजून शाबूत आहेत. पण पठ्ठ्या वाकून पार त्याच्या कानाशी बोलत होता. एक अक्षर ऐकू आलं नाही.
रामाशीषने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली होती. तोंड उघडत नव्हता. नुसती मान हलवत होता.