उलट्या आट्यांचा मणी

प्रिय, आणि गेले चार महिने फोन न उचलणाऱ्या ताईस,

निघाला एकदाचा! काल तुझा निरोप आला, "उलटा फिरव," मी फिरवला आणि बेंबीत टोचलेल्या काडीचा मणी अलगद हातात आला. चार महिन्यांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द, आणि तेही आट्यांबद्दल. दुसरी कोणी असती तर फुरंगटून बसली असती. मी मात्र ते नवऱ्याला तीनदा वाचून दाखवले.

झालं असं, की आठवा लागला आणि इतकी वर्षं शहाण्यासारखी आत बसलेली माझी बेंबी बाहेर डोकावायला लागली. त्यातली काडी कपड्यांना अडकायची, कातडी ताणून लालभडक झालेली, आणि खाज तर अशी की चारचौघांत काय करावं कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला याने काही होत नाही, पण चिघळायच्या आत काढून टाका. बोलायला काय जातं! मी मणी फिरवला, तो हलेना. मग नवरोबा पुढे सरसावले. मी एकदा "आई गं" म्हटलं तर हेच घामाघूम होऊन खुर्चीत बसले, आणि मी त्यांना पाणी दिलं. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हातमोजे चढवून सगळा जोर लावला. आम्ही सगळे मिळून तो आणखी घट्ट करतोय, हे कोणाच्या डोक्यात येणार? काडी कापायचं ठरलं. नर्सबाई पक्कड आणायला गेल्या आणि मला रडूच फुटलं. तू माझा फोन उचलणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून तुझ्या वर्कशॉपच्या मालकांना फोन लावला. म्हटलं, ताईला सांगा, तिने केलेला मणी कापायला निघालेत. पक्कड यायच्या आत तुझा निरोप आला.

आठवतं ना गं? दिवसभर तू लेथवर चष्म्यांचे इवलेसे स्क्रू कापायचीस आणि सुट्टीच्या दिवशी मालकांना विचारून आपल्या दोघींसाठी हुबेहूब सारख्या दोन काड्या, मण्यांसकट घडवल्यास. एकाच दुपारी जाऊन दोघींनी टोचून घेतलं. सोनाराने कान टोचले की दुखत नाहीत म्हणतात, पण बेंबी टोचणाऱ्याला तसलं काही लागू नाही हे मला तिथेच कळलं. तू मात्र हूं की चूं केलं नाहीस. घरी आल्यावर आई मात्र बेंबीच्या देठापासून ओरडली, आणि आपण झोपेत असताना का होईना, पण हे काढणारच अशी शपथ घेऊन बसली. तेव्हा तू नुसती गालात हसलीस. उलटे आटे पाडलेत हे मलाही सांगितलं नाहीस, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. काल दवाखान्यात तुझा निरोप वाचून आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "मेलीने मलासुद्धा फसवलं! मी खरंच एकदा ही झोपलेली असताना फिरवून बघितला होता."

तुझी काडी तू स्वतःच काढलीस, दोन वर्षांपूर्वी, इस्पितळात. पाचवा महिना होता. घरी आलीस तेव्हा ती तुझ्या मुठीत होती आणि मूठ तू संध्याकाळपर्यंत उघडली नाहीस. आम्ही कोणी काही विचारलं नाही. तुला त्रास नको म्हणून गप्प राहिलो, आणि मग गप्प राहायची सवयच लागली. माझी बातमी सांगितली तेव्हा तू "छान झालं" म्हणालीस आणि लेथ चालू आहे, नंतर बोलते म्हणून फोन ठेवलास. ते 'नंतर' अजून आलेलं नाही. मी रागावलेली नाही, ताई. तुझ्या जागी मी असते तर मलाही माझं हे पोट बघवलं नसतं. पण तुझी आठवण येते, आणि येत्या महिन्याची भीतीही वाटते.

बाळंतपणाच्या खोलीत माझ्यासोबत एकाच माणसाला थांबू देणार आहेत. नवरोबांची तयारी कितपत आहे ते तू वर वाचलंसच; तेच म्हणतात, ताईंना बोलवा. मलाही तूच हवी आहेस. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. काल माझी बेंबी पुसता पुसता नर्सबाईंनी आईला सहज विचारलं, पहिलं नातवंड का? मी मान खाली घातली. आई लगेच म्हणाली, "नाही, दुसरं. पहिलं माझ्या थोरलीचं. ते राहिलं नाही." आणि माझा सदरा सारखा करत बसली. ती विसरली असं आपण दोघी धरून चाललो होतो ना? ती विसरलेली नाही. हे मला तुला सांगायचं होतं. आता ये.

तुझीच धाकटी,
भुणभुण