मलकापूर, तालुका शाहूवाडी

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मीही आता नोकरीतून मोकळी झाले आहे. सकाळी गॅलरीत केस वाळवत बसले की मलकापूरची शाळा आठवते, तुमचा भूगोलाचा तास आठवतो. तुम्ही कोल्हापूरच्या, शिवाजी पेठेतल्या. सोमवारी पहिल्या एस.टी.नं यायच्या, आठवडाभर बाजारपेठेतल्या एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की परत. पिनकोड तेव्हा नुकता सुरू झाला होता. तुम्ही फळ्यावर भारताचा नकाशा काढलात, खडूनं त्याचे भाग पाडलेत आणि आपल्या भागावर चारचा आकडा घातलात. पहिला आकडा देशाचा कुठला भाग ते सांगतो, पहिल्या तिनांवरून टपाल कुठल्या जिल्ह्याच्या थैलीत पडायचं ते ठरतं, आणि शेवटचे तीन थेट आपल्या पोस्टाच्या दारात आणून सोडतात, असं तुम्ही समजावलंत. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "बाई, आमचा पोस्टमन समद्यांना ओळखतोय की. आकडं कशाला?"

"तो ओळखतो गं," तुम्ही म्हणालात, "पण रेल्वेच्या डब्यात टपाल निवडत उभा असलेला माणूस तुझ्या बापाला ओळखतो का? एक मलकापूर कराडजवळ आहे, एक बुलढाण्याकडं आहे. त्यानं पत्र कुठल्या थैलीत टाकायचं?" आम्ही हसलो, आणि आपल्या मलकापूरचा पिन वहीत उतरवून घेतला.

अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाल्यावर पुण्यातल्या एका नर्सिंग शाळेसाठी अर्ज तुम्हीच करायला लावलात. आमच्या घरी म्हशी होत्या, आबांचा सगळा दिवस धारा काढण्यात आणि दूध डेअरीला घालण्यात जायचा. मुलाखतीचं बोलावणं काही येईना. राधानगरीकडचं एक स्थळ मात्र आलं. माणसं चांगली होती, ऊस होता, घर पक्कं होतं. मग एका दुपारी पोस्टमननं पाकीट आणून दिलं, तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. वर माझं नाव आणि खाली नुसतं 'मलकापूर'. तालुका नाही, जिल्हा नाही, पिन नाही. पाकीट बुलढाण्याकडच्या मलकापूरला जाऊन, तिथला शिक्का घेऊन आलं होतं. आबांनी ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी. नशिबात न्हाय म्हणायचं."

मी पाकीट घेऊन तुमच्या खोलीवर येते. तुम्ही स्टोव्हपाशी बसून शेंगदाणे भाजताय. आबांचंच वाक्य मी तुम्हाला ऐकवते आणि मला रडू येतं. तुम्ही कढई खाली उतरवता, पदराला हात पुसता, पाकीट उजेडाला धरता.

"नशीब कसलं? पत्ता चुकलाय," तुम्ही म्हणता. आवाज तासाला असायचा तसाच, चढा. "अर्जात तू पिन लिहिला होतास, मी बघितलाय. त्यांनी तो उतरवला नाही. रडायचं असेल तर परत आल्यावर रड. आधी बापाला बोलावून आण."

आबा आले आणि दारातच उभे राहिले. "बाई, तारीख गेली न्हवं? आता जाऊन काय करायचं?"

"विचारायचं. नाही म्हणाले तर राधानगरी कुठं पळून जातीय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकलीत. कोल्हापुरात गाडी बदलायच्या आधी आम्हाला शिवाजी पेठेत घरी नेलंत. तुमचे भाऊ म्हणाले, "परक्या पोरीसाठी रजा घालवतीस व्हय?" तुम्ही त्यांच्या ताटात भाकरी वाढत म्हणालात, "जेव की गप." मग आतून तुमची निळ्या काठाची साडी आणून मला नेसवलीत आणि ती परत घेतली नाहीत.

पुण्याला नर्सिंग शाळेच्या प्रमुख, मेट्रन, आधी म्हणाल्या, जागा भरत आल्या आहेत. तुम्ही पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलंत, शिक्क्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "मुलगी उशिरा आलेली नाही. पत्र उशिरा आलंय." मेट्रननी माझा अर्ज मागवला. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून वाचले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "रक्त बघून घाबरतेस का?"

मी म्हणाले, "आमच्या म्हशीच्या पोटात रेडकू अडकलं होतं, तेव्हा आबांबरोबर मीच ओढून काढलं." त्या हसल्या. आबा खाली मान घालून उभे होते, तेही हसले. पुढची सगळी मुलाखत मेट्रननी तिथंच उभ्या उभ्या घेतली, आणि मला ठेवून घेतलं.

आबा नंतर कुणालाही पत्र लिहिताना बघितलं की म्हणायचे, "खाली आकडं घाला रं, न्हाय तर पोरगी घरातच ऱ्हाईल." तुमच्याकडं मी दर दिवाळीला यायचे. तुम्ही मनगट पुढं करून म्हणायच्या, "बघ गं, अजून चालतीय का." मी नाडी धरायचे आणि कितीतरी वेळ सोडायचेच नाही. माझ्या हातून किती बाळंतपणं झाली, किती माणसं बरी होऊन चालत घरी गेली. त्यांच्यातल्या कुणालाच तुमचं नाव माहीत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. ते पाकीट उशिरा आलं तेव्हा मी रडले खरी, पण आत कुठंतरी मला हायसं वाटलं होतं. मी कधी कोल्हापूरच्या पुढं गेले नव्हते. पुण्याची मला फार भीती वाटत होती, आणि राधानगरीचा मुलगा दिसायला बरा होता. त्या दिवशी तुम्ही मला एवढंच विचारलं असतंत, की तुला जायचंय का, तर मी नाही म्हणाले असते.

तुम्ही विचारलंच नाहीत, बाई. फार बरं केलंत.