जोसेफची भीती

९ जानेवारी
आज परत. जोसेफ केळीच्या बागेत तण काढायला वाकला आणि तिथेच बसला. ओठ पांढरे, शर्ट घामाने चिंब, तेही या थंडीत. "मेरी, छाती फुटतेय. मी काय वाचत नाय." पंधरा मिनिटांनी उठून चहा मागितला! मी ओरडले, "पुरे आता ही नाटकं." नवऱ्याला, शेजाऱ्यांसमोर. सात महिने हेच. ईसीजी चांगला. गावातले डॉक्टर म्हणतात टेन्शन.

१२ जानेवारी
चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत लक्ष नव्हतं. बाहेर आल्यावर दीर, पीटर, हळूच म्हणाला, "वहिनी, दादा चोरून पितो का बघ." घरी येऊन खताच्या पोत्यांमागे बाटली शोधली. नाही मिळाली. वळले तर जोसेफ दारात. पोत्यांकडे बघितलं आणि मागे फिरला.

१६ जानेवारी
विरारला नवीन डॉक्टर, तिशीतली बाई. पोट तपासताना डावीकडे दाबलं आणि तिच्यासमोरच झटका आला. बी.पी. २३०/१३०. तिने हात चटकन मागे घेतला.
"यांना घाबरट कोणी ठरवलं?"
"मी," म्हटलं.

२२ जानेवारी
सी.टी. आला. डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत लिंबाएवढी गाठ.
बावीस वर्षं शाळेत शिकवतेय हे! मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी. कुत्रा अंगावर आला की मेंदू निरोप धाडतो, ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडते. काळीज धडधडतं, दाब चढतो, घाम फुटतो, रक्तात साखर वाढते, पळायला बळ येतं. धोका टळला की सगळं शांत. फळ्यावर आकृती, बाणांसकट.
जोसेफची गाठ निरोपाची वाटच बघत नाही. वाकला, पोट दाबलं गेलं, की ओतते. माझ्याच घरात. आणि मी बाटली शोधत...

२३ जानेवारी
जोसेफला समजावलं. रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. मग, "म्हणजे मी भित्रा नाय?"
"नाहीस रे."
"पण भीती खरी वाटायची गं. मरणाची."
थोड्या वेळाने म्हणाला, "पीटरला पण सांग हे."
माफी मागायची राहिली.

२ फेब्रुवारी
ऑपरेशन मुंबईला. आधी दोन आठवडे दाब ताब्यात आणायच्या गोळ्या, भरपूर पाणी, मीठही जास्त, नंतर दाब फार कोसळू नये म्हणून. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी लपवलं नाही: "हात लागला की गाठ सगळं एकदम सोडू शकते. काढल्यावर उलट, दाब धाडकन खाली."
जोसेफने संध्याकाळी पीटरला बागेत नेलं. कुठला घड कधी उतरवायचा, एकेक दाखवत फिरला. मला बघवेना.

१८ फेब्रुवारी
८.४०. आत नेलं. स्ट्रेचर ढकलत असताना शेवटी माफी मागितली. म्हणतो, "आता नको, रडवशील. प्रेशर चढेल." आणि हसला.

१२.१५. नर्स बाहेर आली. गाठ निघाली. "पण दाब फार खाली गेलाय. डॉक्टर आहेत जवळ. तुम्ही बसा."
बसा म्हणे. याच भीतीला मी नाटकं म्हणाले होते. पीटर जपमाळ घेऊन रोझरी म्हणतोय, मधलेच शब्द विसरतोय.

१२.५०. दार उघडलं. दुसऱ्याच कुणाच्या नातेवाइकांना हाक.