टॉवेल-टोपीचा मान

नेरूळ, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप उदयदादा यांस,
राजेश्वरीचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? सुयशच्या लग्नाचा हॉल, आचारी, सगळं ठरलं. फोनवर तुम्हीच बोलता आणि मी नुसती हो हो करते, म्हणून हे पत्र.

सून आसामची म्हटल्यावर मी त्या राज्याची माहिती वाचून काढली. एकशिंगी गेंडा त्यांचा राज्यप्राणी. राज्यफूल कपौ, म्हणजे आपल्याकडची सीतेची वेणी. बिहूच्या सणाला पोरी केसांत माळतात. आहोम राजांनी सहाशे वर्षं राज्य केलं, मोगलांनाही पिटाळलं. तुम्हाला सांगायला गेले तर म्हणालात, "आसाम म्हंजी च्या. आन् मोगलांचं आमाला नगं सांगूस." तेव्हा मीही हसले.

साखरपुड्याला जोनालीच्या वडिलांनी, हजारिकांनी, तुमच्या खांद्यावर लाल काठाचं पांढरं वस्त्र घातलं, तो गमोसा. त्यांच्यात थोरामोठ्यांचा मान त्यानेच करतात. जोनालीच्या आईने तो खास मुलाच्या मामासाठी स्वतः मागावर विणला होता. तुमच्या डोक्यात मात्र आपला लग्नातला आहेर. म्हणालात, "टॉवेल दिला पावनं, टोपी कुठाय?" आपली माणसं खो खो हसली. हजारिकाही हसले, कारण त्यांना कळलंच नव्हतं. मग जेवून त्यालाच हात पुसलेत. तिथपर्यंत मी सावरून घेतलं असतं, दादा. पण निघताना तो ड्रायव्हरकडे टाकलात, गाडीची काच पुसायला. जोनालीची आई निरोप द्यायला गाडीपाशीच उभी होती.

तिने आणि हजारिकांनी तरीही हात जोडून निरोप दिला. जोनाली मात्र परवा एकटी आली. म्हणाली, "आई, मामा सुयशच्या मागे उभे राहणार असतील, तर मी अंतरपाटासमोर येणार नाही. सॉरी." सुयश मान खाली घालून बसला. वडिलांच्या माघारी तुम्ही त्याला वाढवलंत, पण तुमच्या बाजूने तो एक शब्द बोलला नाही. मला तुमचा राग आला आणि रडूही आलं.

हजारिका करंजाड्याला जोनालीच्या फ्लॅटवर उतरलेत. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्यासोबत तिथे चला आणि त्या माउलीची माफी मागा, चेष्टा न करता. तेवढं जमणार नसेल तर लग्नाला येऊ नका.

तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही. सुयशच्या मागे कुणीच नसेल, आणि अख्खी भावकी ते बघेल.

तुमची वाट बघणारी, आणि तुम्ही याल की नाही याला भिणारी,
धाकटी बहीण
राजू