चवीपुरते म्हणजे किती ग्रॅम

४ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०

नवी वही. देवापुढे दिवा लावून लिहायला बसलो आहे.

उद्या ही प्रशिक्षणाला जाणार. चार आठवडे. ही परिचारिका आहे. शेवटची परीक्षा पार पडली की मुख्य परिचारिका होईल. यापूर्वी दोनदा नाव आलं होतं. एकदा मुलीचं बाळंतपण आडवं आलं, एकदा माझी पाठ. दोन्ही वेळा ही गेली नाही. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप.

अडचण एकच, अण्णा. माझे वडील, वय एक्क्याऐंशी, आजारातून नुकते उठलेले. डॉक्टरांनी बजावलं आहे की वजन चोपन्न किलोच्या खाली जाता कामा नये. ही म्हणाली, अहो, दर रविवारी वजन करून कळवायचं. चोपन्नच्या खाली गेलं की मी पहिल्या गाडीने परत येणार, परीक्षा गेली चुलीत. शिवाय अण्णांना वरून मीठ द्यायचं नाही, शिजतानाच काय ते घालायचं.

मी म्हणालो, निश्चिंत जा. मी वजनमापे खात्यात निरीक्षक. सव्वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतो आहे. वजन या विषयात मला कोण शिकवणार?

तयारी झाली आहे. एक पातेलं आणलं, ते स्वतःच ढवळतं. एक ओव्हन, एक किटली. तिन्ही मोबाइलवरून चालतात. अ‍ॅपचं नाव 'पाकसारथी'. साहित्य ग्रॅममध्ये सांगतं, वेळ सेकंदात. हे पाहून डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकाला इतकी वर्षं शिस्तच नव्हती.

नाक्यावरच्या धान्यवाल्याच्या पोत्यांच्या काट्यावर अण्णांचं वजन केलं. गेल्याच महिन्यात मी तो तपासून शिक्का मारला आहे. ५५ किलो २०० ग्रॅम. अण्णांनी काट्यावरूनच विचारलं, काय भाव लावतोस? धान्यवाला म्हणाला, जुना माल आहे अण्णा, आता असा मिळत नाही, परवडायचा नाही.

५ जानेवारी, सोमवार. रात्री ८

ही गेली. जाताना तीनदा मागे वळून पाहिलं. दोनदा अण्णांकडे, एकदा पातेल्याकडे.

भाज्यांचं सूप केलं. अ‍ॅप म्हणालं, कांदा ११० ग्रॅम. आमचा कांदा १३२ भरला. २२ ग्रॅम कापून डबीत ठेवला, डबीवर तारीख घातली. झाकण लावलं तर अ‍ॅप म्हणे, झाकण ओळखता आले नाही. सात वेळा काढून लावलं. आठव्यांदा ओळख पटली. नवीन माणसाला वेळ लागतोच.

एक शंका. सगळं ग्रॅममध्ये आणि शेवटी लिहिलं आहे, मीठ चवीपुरते. म्हणजे किती? अ‍ॅपच्या मदत विभागाला रीतसर विचारणा केली. उत्तर येईपर्यंत मीठ घातलं नाही. प्रमाण माहीत नसताना वस्तू देणं हा आमच्या खात्यात गुन्हा आहे.

स्क्रीनवर आलं, अचूकता ९८ टक्के.

अण्णांनी चार चमचे घेतले. म्हणाले, साहेब, पाणी मागितलं नव्हतं. मला साहेब म्हणतात तेव्हा त्यांची तब्येत बरी असते.

७ जानेवारी, बुधवार

मदत विभागाचं उत्तर आलं. 'मीठ आपल्या चवीनुसार घालावे. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार.' पुन्हा लिहिलं की चव हे मापाचं एकक नाही.

अण्णा म्हणाले, अरे, थोडं टाक की. थोडं हेही एकक नाही. चाखून बघ म्हणाले. देवापुढे ठेवायच्या आधी अन्न उष्टं करणं मला जमत नाही, आणि देवापुढे ठेवल्यावर शिजवायचं काही उरत नाही. मार्ग खुंटतो तो असा.

तसं पाहिलं तर अळणी अन्न मनाला शांत करतं. मला कालपासून बरंच शांत वाटतं आहे. थोडं गरगरतंही.

मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. अण्णांचा हात तिथवर पोचत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १.२०, ऑफिसातून

आज विज्ञानाचा विजय. ऑफिसच्या खुर्चीत बसून घरचा भात लावला. बोट टेकवलं, पातेलं सुरू. शिपायाला दाखवलं. तो म्हणाला, साहेब, तांदूळ आत आहेत ना? मी हसलो. अशा शंकेखोर लोकांमुळेच माणसाची प्रगती थांबते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तांदूळ आत नव्हते. वाटीत मोजून ठेवले होते, अगदी १८० ग्रॅम. पातेल्याने रिकामं भांडं बावीस मिनिटं ढवळलं. अ‍ॅपवर मात्र अचूकता १०० टक्के, आणि बक्षीस म्हणून एक हिरवं पान. अण्णांनी दोन बिस्किटं पाण्यात बुडवून खाल्ली. मी विचारलं, हाक का मारली नाही? म्हणाले, पातेलं फार मन लावून काम करत होतं, व्यत्यय आणवेना.

११ जानेवारी, रविवार

अण्णा ५४ किलो ३००. नऊशे ग्रॅम कमी. काटा दोनदा तपासला. काटा निर्दोष आहे.

हिला कळवलं. लगेच फोन. आवाज बारीक झाला होता. म्हणाली, पुढच्या रविवारी आणखी उतरलं तर मी निघते. अण्णा शेजारीच बसून ऐकत होते.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अ‍ॅपमधले सगळे धडे वाचायचे.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४५

उठायला उशीर झाला. झोप हाही एक आहारच आहे.

१४ जानेवारी, बुधवार

ऐन जेवणाच्या वेळी अ‍ॅपने अपडेट घ्यायला सुरुवात केली. ओव्हनमध्ये बटाटे, दार कुलूपबंद. स्क्रीनवर आलं, कृपया धीर धरा. धरला. दार तीन वाजता उघडलं. बटाटे हातात घेतले तेव्हा गावच्या शाळेतले खडू आठवले. आमचे गुरुजी म्हणायचे, घाई करणाऱ्याला अर्धंच मिळतं. धीर धरणाऱ्याला किती मिळतं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

अण्णा त्याच शाळेत घंटा वाजवायचे. आज म्हणाले, चाळीस वर्षं मी जेवणाची घंटा दिली, एका मिनिटाचा उशीर नाही. आता माझी घंटा कोण देणार ते सांग.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ११

५५ किलो १००! आठवड्यात आठशे ग्रॅम! परमेश्वराची कृपा आणि ठरलेलं प्रमाण.

अण्णांनी आज जुना लोकरीचा कोट घातला होता. थंडी आहे. धान्यवाला म्हणाला, अण्णा, कोट काढा की. अण्णा म्हणाले, आत सदरा फाटका आहे, चारचौघांत निरीक्षकाची लाज काढू का? मला त्यांची ही जाण फार आवडली. कोट तसा हलकाच दिसतो.

हिचा फोनवर विश्वास बसेना. मग रडली. मग हसली. मग अभ्यासाला बसते म्हणाली.

१९ जानेवारी, सोमवार

पहिल्या नोकरीतली पितळी वजनं मी लाकडी पेटीत जपून ठेवली आहेत. पुसायला काढली तर अर्ध्या किलोचं दिसेना. ऑफिसात नेलं असेन. अलीकडे डोक्यात अ‍ॅपच असतं.

२२ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात सर्वांना सांगितलं की घरी वृद्ध माणसाचं वजन वाढवण्याचं मी एक शास्त्र बसवलं आहे. शिपाई म्हणाला, साहेब, तुमचा पट्टा मात्र दोन भोकं आत गेलाय. मी म्हणालो, साधनेत साधकाने झिजायचंच असतं. घरी येताना नाक्यावर उभा राहून चार केळी खाल्ली. ती साधनेबाहेरची.

२५ जानेवारी, रविवार

५६ किलो! धान्यवाला नुसता काट्याकडे बघत राहिला. अण्णांना उतरताना आम्ही दोघांनी हात दिला. वजन वाढलं की माणूस थोडा जड चालतो, हे आज प्रत्यक्ष पाहिलं.

मात्र गाल बसलेले दिसतात. प्रकाशाचा परिणाम.

विचार: निवृत्तीनंतर या विषयावर छोटं पुस्तक लिहावं.

२८ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ६

अण्णांचा कोट खुंटीसकट खाली आला. कोट पडल्याचा आवाज तसा येत नाही.

आतल्या खिशात एक किलो. डाव्या खिशात अर्धा किलो. उजव्यात दोनशे ग्रॅम. तिन्ही माझ्याच पेटीतली. सवयीने आधी शिक्के पाहिले. वजनं अचूक आहेत.

कोट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. नुसता कोट १ किलो २००. वहीत वजाबाकी मांडली. ५३ किलो १००.

दोनदा करून पाहिली.

अण्णा अंथरुणावर बसून बघत होते. मी म्हणालो, अण्णा, काट्याला फसवलंत? म्हणाले, काट्याला कशाला फसवू? काट्याने खरं तेच सांगितलं. मी तुला फसवलं. ते सोपं असतं. मग म्हणाले, त्या पोरीने दोनदा पाय मागे घेतला. तिसऱ्यांदा माझ्या हाडांपायी घेतला तर वर जाऊन तुझ्या आईला काय तोंड दाखवू? परवा परीक्षा आहे तिची. दोन दिवस तोंड बंद ठेव, साहेब.

सव्वीस वर्षं मी फक्त काटे तपासले. त्यावर काय ठेवलं आहे ते पाहायची वेळच आली नाही. तो विषय आमच्या खात्यात येत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार. पहाटे ५

उठलो. झोपच नव्हती.

हिने रात्री विचारलं होतं, अण्णा कसे आहेत? उत्तर दिलेलं नाही. खरं सांगितलं तर ही परीक्षा सोडून येईल. खोटं सांगितलं तर उद्या कुठल्या हाताने शिक्का मारू? देवापुढे बसलो. देव काही म्हणाला नाही. त्याच्याकडेही वजनाचे विषय येत नसावेत.

सकाळी ८

तोडगा सापडला. पाठवलं: '५६ किलो, कोट आणि वजनांसह.' एकही अक्षर खोटं नाही. पाकिटावर कंपन्या असंच लिहितात.

सकाळी ८.०२

फोन आला. वजनांसह म्हणजे काय, असं विचारलं. सांगावं लागलं. मग कोट काढून किती ते सांगावं लागलं. मग काय काय शिजवलं त्याची यादी. मग म्हणाली, अहो, मीठ घालता ना? मी सांगितलं, प्रमाण अजून आलेलं नाही, पाठपुरावा चालू आहे. बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली.

रेंज गेली नव्हती. म्हणाली, मी निघते. अण्णांनी फोन हिसकावून घेतला. त्यांच्या हातात एवढी ताकद कुठून आली कळलं नाही. म्हणाले, परीक्षा न देता आलीस तर दार उघडायचा नाही मी. आणि उपाशी आहे म्हणून मरत नाही, राग आहे पोटात, तो पुरेल दोन दिवस.

शेवटी ठरलं ते असं. ही परीक्षा देऊन येणार. समोरच्या काकू डबे करून देतात, त्यांच्याकडून अण्णांचं जेवण आणायचं. आणि मी काहीही शिजवायचं नाही. मी विचारलं, किटली तरी? म्हणाली, पाणीसुद्धा उकळू नका.

हे तिने परीक्षेच्या ताणाखाली म्हटलं असावं.

३१ जानेवारी, शनिवार

ही आली. पेपर चांगला गेला म्हणाली. अण्णांचं मनगट हातात धरून किती तरी वेळ बसली. मला वाटलं नाडी बघते आहे. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अण्णा काकूंच्या डब्यातला भात दोनदा मागून जेवतात. हवापालटाने भूक वाढते. हवा गेले दोन दिवस खरंच चांगली आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

ही पास झाली. मुख्य परिचारिका! पण नेमणूक दुसऱ्या गावी, वर्षभरासाठी. तिथे दोन खोल्या मिळतील. सोमवारी सोळा तारखेला रुजू व्हायचं.

रात्री जेवताना विषय निघाला. मी घसा साफ करून म्हणालो, तू खुशाल जा. मी आहे ना. अनुभव आता गाठीशी आहेच. हिने ताटाकडे पाहिलं. अण्णांनी हिच्याकडे पाहिलं. मग अण्णा म्हणाले, सूनबाई, तुझ्या त्या दोन खोल्यांत एका म्हाताऱ्याची खाट मावेल का? ही म्हणाली, अण्णा, मी दुपारीच फोन करून मोजून घेतलं. मावते.

म्हणजे हे आधीच ठरलं होतं. मला वाटतं अण्णांना नवं गाव बघायचं असेल. या वयात असं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.३०

दुपारच्या गाडीने दोघं गेली. सकाळी धान्यवाल्याकडे वजन केलं, नुसत्या सदऱ्यावर. ५४ किलो ४००. अण्णांनी खिसे उलटे करून दाखवले. धान्यवाला म्हणाला, साहेब, आता मारा शिक्का. गाडी सुटताना अण्णांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

घर शांत आहे. चिंतनाला उत्तम. आता माझ्या पद्धतीने शिजवायला कोणाचा अडथळा नाही. अ‍ॅप उघडलं, मऊ भात निवडला. किती व्यक्ती, असं विचारलं. एक लिहिलं. उत्तर आलं, किमान दोन व्यक्ती आवश्यक.

पुन्हा एक लिहिलं. पुन्हा तेच.

मदत विभागाला पत्र लिहायला हवं. उद्या लिहीन.

रात्री ८

समोरच्या काकूंच्या खिडकीत अजून दिवा आहे. हिचा आत्ताच फोन आला, तेव्हा जाऊन त्यांना सांगून येतो की अण्णा सुखरूप पोचले. शेजारी म्हणून तेवढं सांगायलाच हवं. हातात डबा असलेला बरा, रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये.