माझ्या दिवसाचं आमेन

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजही म्हणाली! आमेन!

मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. दिवेलागणीला चटईवर बसलो, डोळे मिटले आणि दात आवळून गप्प राहिलो. लग्न झाल्यापासून घरची रीत आहे — संध्याकाळची प्रार्थना एक दिवस मी चालवायची, एक दिवस सुलेखानं. राजेंद्र गेला तेव्हापासून माझा त्याच्याशी अबोला आहे. त्याच्याशी म्हणजे, जो वर बसलाय त्याच्याशी. पोटचा मुलगा उचलून न्यायचा आणि वर स्तुतीही मागायची!

माझ्या दिवशी घरात चिडीचूप. सुलेखा डोक्यावर पदर घेऊन वाट पाहते. मग मी सगळं नीट म्हणून संपवल्यासारखं ती "आमेन" म्हणून उठते.

आज विचारलंच. "कशाला आमेन?"

"तुम्ही म्हणालात त्याला."

"मी काही म्हणालोच नाही!"

"बरं," म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली.

त्या "बरं"नं डोकं फिरलं माझं.

१३ फेब्रुवारी

तिचा दिवस. शेजारच्या कडूबाईच्या गुडघ्यासाठी मागितलं, नळाला पाणी मागितलं, समोरच्या पोरीच्या परीक्षेसाठी मागितलं. आणि मग — "राजूच्या अडतीस वर्षांबद्दल उपकार मानते." उपकार!

मी आमेन म्हणालो नाही. तिच्या प्रार्थनेलाही म्हणत नाही हल्ली. आमेन म्हणजे सही. मी सही करणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी भर सभेत नाव घेतलं. "सर, आज मध्यस्थीची प्रार्थना तुम्ही चालवा. मंडळी तुमचा आवाज विसरली." मी बसल्या जागेवरून "नाही" म्हणालो. जरा मोठ्यानंच गेलं ते. पेटीवाला दचकला.

माझा आवाज! तो मुक्ताबाईंनी घडवलेला. छावणीतली आमची शाळा, खिडकीबाहेर कडुनिंब, वर्गात मोहराचा वास, आणि बाई चालीवर कविता म्हणून घ्यायच्या. "शेवटच्या बाकावर पोचली तरच कविता पोचली रे!" दुपारच्या उन्हात ती चाल अजून ऐकू येते मला. तीच पुढं नोकरीत एसटी स्टँडच्या भोंग्यावर नेली. कन्नडची गाडी फलाटावर लागली हे सांगतानाही मी यती सोडला नाही! प्रार्थनाही तशीच. लग्न असो, मयत असो, लोक मलाच उभं करायचे. सुलेखा हसायची — "देवाला काय फलाट नंबर सांगताय?"

सगळ्यात चांगली प्रार्थना मी ऑक्टोबरात केली. राजेंद्रला डेंग्यू, आत आयसीयूत, मी बाहेर भिंतीला टेकून. काय शब्द आले! ओळीमागून ओळ, यमकासकट. नर्स थांबली. शेजारी टोपीवाला एक दौलताबादचा माणूस बसला होता, त्याचा मेव्हणाही आतच. तो म्हणाला, "सर, आमच्या पेशंटसाठी बी दोन शब्द टाका की." मी शेवटी एक ओळ जोडली. नावसुद्धा विचारलं नाही.

मेव्हणा घरी गेला. हा गडी पेढे घेऊन आला होता. त्याच दुपारी राजेंद्र गेला.

माझी अख्खी कविता फेकून दिली आणि शेवटची जोडओळ तेवढी मंजूर! हा कुठला न्याय? कुठल्या शाळेत शिकलाय हा?

१७ फेब्रुवारी

आज तोच माणूस दारात! हातात पेरूंची पिशवी.

"सर, वळखलं का? मी केरबा, दौलताबादचा. लई हुडकलं तुम्हाला. बायको अवघडलीय. पोर आडवं हाय म्हणतेत. तुमच्या शब्दाला लई गुण हाय सर, जरा वर बोला की."

मी ओरडलो. गल्ली गोळा झाली असेल. "माझा मुलगा गेला! तू पेढे वाटत होतास त्या दिवशी! गुण म्हणे!"

त्याला ठाऊकच नव्हतं. दोघंही घरी गेले असं धरून चालला होता तो. तो पायरीवर बसला. टोपी काढली. मग म्हणाला, "मग आमचा माणूस तुमच्या पोराच्या वाट्याचं जगतोय का, सर?"

मी आत निघून आलो. खिडकीतून पाहिलं — सुलेखा त्याच्याशेजारी पायरीवर बसून त्याच्या बायकोसाठी प्रार्थना करत होती. तो हात जोडून. मध्येच ती थांबायची, दम खायची, मग पुढं.

पेरू मी खाल्ले नाहीत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दम लागतो म्हणून काल सुलेखाला दवाखान्यात नेलं होतं. हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी. वय पाहता जोखीम आहे, डॉक्टर म्हणाले.

रिक्षात ती म्हणाली, "अहो, आदल्या दिवशी तुमचा दिवस येतोय."

"मग?"

"काही नाही. आठवण केली."

तिनं काही मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं! मागतच नाही बाई.

२३ फेब्रुवारी

मंडळीतले चौघं-पाचजण प्रार्थनेला आले. हात वर, आवाज टिपेला, सगळे एकदम. देवाला हुकूम सोडत होते — झडप बरी कर, आत्ता कर! देव काय डेपोतला हेल्पर आहे? शेवटी एक चष्मेवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "घरात कुणाच्या मनात अडसर असला की आशीर्वाद दारातच अडतो."

उठलो आणि दार उघडून धरलं. "अडसर काढलाय. निघा!"

ते गेल्यावर सुलेखा पदरात तोंड खुपसून हसत होती. "अहो, चहा तरी पिऊ द्यायचा होता. दूध टाकलं होतं मी."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वॉर्डात. माझा दिवस.

पलंगाशेजारी स्टुलावर बसलो. डोळे मिटले. आणि शब्द आले! बोलावले नव्हते तरी आले, रांगेत, चालीत, आयसीयूच्या दारात आले होते तसेच. पहिली ओळ ओठांवर होती. तिचं नाव होतं तिच्यात.

नाही म्हणालो. जमलं नाही. मागच्या वेळी ज्याचं नाव घेतलं तो गेला. ज्याचं नाव माहीतही नव्हतं तो जगला. मी तिचं नाव त्या वरच्याच्या हातात कसं देऊ? राग राग म्हणून इतके दिवस लिहितोय. राग आहेच! पण त्याच्याखाली हे आहे. घाबरलोय मी.

नर्स बीपी बघायला आली, आम्हाला पाहून थांबली. बराच वेळ गेला.

"आमेन," सुलेखा म्हणाली. मग डोळे उघडून — "आज लांब झाली हं प्रार्थना."

२७ फेब्रुवारी

सकाळी आत नेली. सून सोनिया पुण्याहून आलीय, तिनं डबा आणला.

ऑपरेशन झालं. अजून शुद्धीवर नाही. तिचा दिवस तसाच गेला.

२८ फेब्रुवारी

कडूबाईकडून कळलं — केरबा येऊन गेला. मुलगी झाली. दोघी बऱ्या. ऐकून रडलो. रागानं की कशानं, कळलं नाही.

माझा दिवस. आयसीयूबाहेरच्या बाकावर डोळे मिटून गप्प बसलो. बसलो, बसलो — संपेचना. किती वेळ बसायचं कळेना. शेवट करणारी आत होती.

१ मार्च, रविवार

पाच मिनिटं आत सोडलं. अजून शुद्ध नाही. तोंडात नळी.

आज तिचा दिवस. हिरव्या चादरीचा काठ तिच्या केसांवर ओढला, पदरासारखा. तिचे डोळे मिटलेलेच होते. मी माझे मिटले. तिला घाई केली नाही. कडूबाईचा गुडघा, नळाचं पाणी, केरबाची मुलगी, राजूची अडतीस वर्षं — सगळं होऊ दिलं.

मग आमेन म्हणालो. शेवटच्या बाकापर्यंत.