ऋचाच्या गाडीचा कॅमशाफ्ट

रविवार संध्याकाळ, इंदिरा नगर

ऋचाच्या सहा सिलिंडरच्या जुन्या गाडीला कुठला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बसवायचा ते आज ठरलं, तरी मला चैन नाही. तिला रेसचाच हवा होता. वेगात इंजिन काय गरजतं म्हणे! हळू चालवताना तीच गाडी थरथरते, हे मी सांगून थकलो. ऐकेल तर माझी पोरगी कसली?

दुपारी मेकॅनिकने तसाच कॅमशाफ्ट असलेली स्वतःची गाडी चालवून बघायला दिली. तेलीबागच्या गर्दीत ती नुसती थरथरत होती. दोनदा बंदही पडली. मागच्या सीटवर ऋचाची आई सुनंदा, पाठीच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर पडलेली. ओठ घट्ट मिटून, पाठ धरून बसली होती. ऋचाने ते आरशात पाहिलं.

परतल्यावर ती मेकॅनिकला म्हणाली, "भैया, नरम वाला लगा दीजिए."

सुनंदा कळवळली. "माझ्यासाठी नको गं. तुला हवा तोच बसव."

इथल्या हिंदीतच वाढलेली ऋचा म्हणाली, "आई, आपके बिना मुझे जाना कहाँ है?"

वर्षभर त्या आवाजाची स्वप्नं पाहत होती पोर. माझंच खरं झालं ना? मग बरं का वाटत नाही?

आत्ता मायलेकी बख्शी का तालाबकडे फिरायला कधी जायचं ते ठरवताहेत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.